डावी मूठ

"थांबव! तिथंच थांबव! मागे घे... अजून जरा... हां, धर आता!"

शितलनं बोट दाबून मोबाइलवरचं चित्र गोठवलं. तिच्या बापानं, म्हणजे नविननं, उजव्या डोळ्याला भिंग चढवलं आणि डायवर वाकतो तसा तो मोबाइलवर वाकला. श्वास रोखून. मी दारात उभा, तर मीही रोखला.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"ठिपके."

"बाबा, भिंगातून मोबाइल कोणी बघतं का? चित्र मोठं नाय होत, ठिपके मोठे होतात," शितल म्हणाली.

"छातीवर कायतरी चमकतंय पण."

"सिनेमात सगळ्यांच्याच छातीवर कायतरी चमकतं. सोडा मोबाइल, मला ड्यूटीला उशीर होतोय."

"एकदाच अजून. एक्केचाळिसावा सेकंद."

ही गोष्ट २०१७ च्या मे महिन्यातली. 'पोलादनाथ' सिनेमाची अठ्ठावन्न सेकंदांची झलक आदल्या दिवशी आली होती. त्यात सत्तावन्न सेकंद नुसता धूर होता. एक्केचाळिसाव्या सेकंदाला धुरातून एक छाती पुढे यायची आणि कळायच्या आत मागे जायची. त्या छातीवर मूठ आहे का, आणि असली तर डावी की उजवी, एवढंच नविनला पाहायचं होतं. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, डाय कापणारा, वरोरमध्ये ज्याचा हात सगळ्यांत बारीक चालतो असा, सकाळपासून कामाला हात न लावता धूर तपासत बसला होता.

आता मूठ काय आणि डावी-उजवी काय, हे मला सांगावं लागेल. आणि इथंच घोटाळा आहे. वरोरपासून तलासरीपर्यंत माझ्या तोंडून निघालेलं कोणी खरं मानत नाही. मी लाहू, टेम्पोवाला. माझ्या टेम्पोच्या टपावर झोपलेला कोंबडा चारोटी नाक्यावर आरवला आणि हॉर्न बेकायदेशीर आहे म्हणून मला बाजूला घेतलं, ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की आता कोंबड्याचा रंगही माझ्या लक्षात राहिलेला नाही. लोक हसतात, चहा पाजतात, आणि विश्वास ठेवत नाहीत. माझी तक्रार नाही. पण नविनचं उलटं. त्याला थाप मारताच येत नाही. लग्नाला जायचं नसेल तर बरं नाही म्हणून सांगावं, एवढंही त्याला जमत नाही, तो यजमानाला सांगतो, "मला यायचं नाय." अशा माणसानं आयुष्यात एकच चमत्कारिक गोष्ट सांगितली आणि तीच कोणी खरी मानली नाही.

आमच्याकडे वरोर-चिंचणीच्या पट्ट्यात घराघरात डाय कापतात. पोलादाच्या ठोकळ्यात छिन्नीनं नक्षी खोदायची. त्यावर सोन्याचा पत्रा ठेवून ठोकला की दागिन्याचा उठाव निघतो. डायमध्ये सगळं खोल आणि उलटं. दागिन्यातला मोर उजवीकडे बघायला हवा असेल तर पोलादात डावीकडे बघणारा खोदायचा. दागिन्यावर पेढीचं नाव येतं, डाय कापणाऱ्याचं कुठंच नाही. नविननं कापलेली पानं, मोर, कोयऱ्या आज हजारो बायकांच्या गळ्यात असतील आणि त्यांतली एकही त्याला ओळखत नाही. "बरंच आहे ते," असं त्याची बायको पुष्पा म्हणते.

नविन चौदा वर्षांचा होता तेव्हा 'पोलादनाथ' नावाचं चित्रांचं मासिक यायचं. भट्टीत पडून न वितळता बाहेर आलेला लोहाराचा पोर, ही त्याची कथा. सेहेचाळीस अंक त्याची छाती कोरी होती. मग कंपनीनं वाचकांना विचारलं, पोलादनाथाच्या छातीवर कोणतं चिन्ह हवं? चित्र काढून पाठवा. नविननं वळलेली मूठ काढून पाठवली. उजवी मूठ, कारण पोलादनाथ उजव्या हातानं ठोसा मारायचा. पण पोरगा डायवाल्याचा. बाप त्याला दोन वर्षं कागदावर सगळं उलटं काढायला शिकवत होता, कारण तोच कागद पुढे पोलादावर चिकटतो. चित्र म्हणजे उलटं, हे त्याच्या बोटांत बसलेलं. पाकीट वाणगावच्या पोस्टात पडलं आणि घरी परतताना त्याला कळलं की आपण उजवी मूठ उलटी काढली. म्हणजे डावी.

कंपनीला कुठं माहीत? सत्तेचाळिसाव्या अंकात पोलादनाथाच्या छातीवर डावी मूठ आली आणि पुढं शेवटच्या अंकापर्यंत तीच राहिली. त्या अंकाच्या पत्रांच्या पानावर छापलं होतं: 'चिन्ह सुचवणारा वाचक: नविन, वरोर, ता. डहाणू, जि. ठाणे.' पालघर जिल्हा तेव्हा जन्मायचा होता. अंक टपालानं आला. बापानं तो हातात घेतला, चिन्हावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "उलटी आहे." बस. नावाबद्दल एक शब्द नाही.

ते छापील नाव गावात तिघांनी पाहिलं. बाप गेला. उरला नविन. आणि तिसरा मी.

कारण दुसऱ्याच दिवशी, शाळेत दाखवायला निघालेल्या त्या पोराच्या हातातून तो अंक मी वाचायला म्हणून नेला. मी तेव्हा घोड्यासारखा सत्तावीस वर्षांचा होतो. तलासरीला माल भरेपर्यंत चार-चार तास बसावं लागायचं, हातात काहीतरी हवंच. तो अंक परत आला नाही. नविननं आठवड्यानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, "वाढवणच्या खडकावर बसून वाचत होतो रे. भरती आली. एक शिंगाळा मासा वर आला, माणसाएवढी मिशी त्याची, त्यानं अंक तोंडात धरला आणि गेला. पण शहाणा मासा, पान दुमडून गेला." गावात ही गोष्ट फार चालली. तेव्हापासून नविनच्या मुठीचा विषय निघाला की लोक पुढं शिंगाळ्याचं म्हणायचे. दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात गेल्या.

२०१४ च्या ऑगस्टात पालघर जिल्हा झाला आणि त्याच महिन्यात पोलादनाथावर सिनेमा येणार अशी बातमी आली. नविन कधी नव्हे तो माझ्या घरी चालत आला.

"दादा, सिनेमा काढतायत."

"मग जाऊ की बघायला."

"मूठ कोणती ठेवतील?"

"जी आहे ती ठेवतील."

"मोठी माणसं असतात तिथं. कोणतरी बघेल आणि म्हणेल, उलटी आहे."

एवढंच त्याला लागून राहिलं होतं. पैसा नको, सत्कार नको. जगात एकच वस्तू अशी होती की ती नविननं केली आणि ती लोकांनी नविनची म्हणून नाही, पण तशीच्या तशी ठेवली. ती पडद्यावर तशीच यावी.

पुढं सिनेमा लांबत गेला. २०१५ साली नट बदलला. २०१६ साली दिग्दर्शक सोडून गेला. नविन कामाला बसायचा, दोन टोले मारायचा आणि उठायचा. अंगणात जायचा, परत यायचा. त्या काळात त्याचे दोन मोर तिरळे झाले. मुंबईच्या व्यापाऱ्यानं डाय परत पाठवली तेव्हा पुष्पावहिनी मला म्हणाली, "भावजी, त्या पोलादनाथाला एकदाचा येऊ दे नायतर मरू दे."

शितल चिंचणीला एका कारखान्यात कॉम्प्युटरवर नक्षी काढते. तिकडं आता छिन्नी नाही, मशीनच पोलाद खोदतं. नक्षी उलटी करायला तिला एक बटण दाबावं लागतं. तिनंच बापाला मोबाइलवर पोलादनाथाच्या चाहत्यांच्या गटात घातलं. बिचारीला वाटलं, तेवढाच विरंगुळा. तिथं दीड हजार लोक होते आणि त्यांच्यात दोन तट होते. एक म्हणायचा, मूठ डावी आहे कारण काळीज डावीकडे असतं. दुसरा म्हणायचा, पोलादनाथाच्या गुरूचा उजवा हात तुटला होता, त्याच्या आठवणीखातर. इंदूरच्या कुणीतरी यावर अकरा भागांची लेखमाला लिहिली होती. जुने अंकही तिथं होते, पण नुसत्या कथेची पानं. पत्रांचं पान कोणी जपलं नव्हतं.

नविन वर्षभर मुकाट वाचत राहिला. मग झलक आली त्याच आठवड्यात, अठ्ठावन्न सेकंद बघून बघून डोकं फिरल्यावर, त्यानं एका दुपारी लिहिलं: 'ती मूठ मी काढली. चुकून उलटी झाली. आमच्यात डाय उलटी कापतात. त्यामागे दुसरं काही नाही.'

पाच मिनिटांत हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या तोंडांनी पडदा भरला. कोणी लिहिलं, 'काका, आणि भट्टी मी पेटवली होती.' कोणी लिहिलं, 'झोपा आता काका.' इंदूरवाल्यानं लिहिलं, 'अशा लोकांमुळे गंभीर चर्चा होत नाही.' आणि नविनला गटातून काढून टाकलं.

मी संध्याकाळी पोचलो तेव्हा शितल नुकतीच कामावरून आली होती. मोबाइल हातात धरून ती चिडून उभी होती.

"कशाला लिहिलंत बाबा? माझी मैत्रीण आहे त्या गटात. सगळ्या ऑफिसात झालं."

"खरं तेच लिहिलं."

"खरं! लहानपणापासून ऐकतेय. कागद दाखवा म्हटलं की शिंगाळा. तुम्ही पण ना बाबा, लाहूकाकांसारखं करायला लागलात."

नविननं छिन्नी उचलली, टोक पाहिलं, परत ठेवली. आणि तुम्हाला सांगतो, मला आजवर लोक थापाड्या म्हणाले, बंडलबाज म्हणाले, कधी काही वाटलं नाही. पण माझं नाव नविनला शिवीसारखं लागलेलं पाहिलं आणि मी चहा न पिता निघालो.

"काका, तुम्हाला नाय म्हटलं मी," शितल मागून म्हणाली.

"मला म्हटलं असतंस तर बरं झालं असतं," मी म्हणालो.

खरी गोष्ट अशी होती. तलासरीच्या एसटी स्टँडला सुकऱ्याची पत्र्याची टपरी होती. चित्रांची पुस्तकं वाचायला द्यायचा. त्याचा नियम, स्वतःचा एक नवा अंक टपरीत जमा करा आणि आठ जुने अंक बसून वाचा. मी पोलादनाथाचा सत्तेचाळिसावा अंक जमा केला आणि आठ अंक वाचले. एवढ्यावर एका पोराचं नाव गेलं. आठांतला एकही आज आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी टेम्पो काढला आणि उधव्याच्या रस्त्यानं तलासरी गाठली. सुकऱ्याची टपरी जाऊन वीस वर्षं झाली होती. विचारत विचारत त्याच्या पाड्यावर पोचलो. म्हातारा अंगणात दोरी वळत बसला होता.

"कोण, लाहू? मेला नाय तू अजून?"

"मेलो होतो मागच्या साली. तिथं पण माझ्या गोष्टी ऐकून घेईनात, परत पाठवला."

सुकऱ्याची बायको बुधीबाई पदर तोंडाला लावून हसली. मी कामाचं सांगितलं. सुकऱ्यानं दोरी बाजूला ठेवली, आत गेला आणि माळ्यावरून एक पत्र्याची पेटी ओढत आणली. मला वाटलं होतं, उंदरांनी खाल्लं असेल. पण नाही! पाच-पाच अंकांच्या जाड बांधण्या, सुतळीनं शिवलेल्या, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेल्या. पंचेचाळीस ते एकोणपन्नास ही बांधणी मी मांडीवर घेऊन उघडली. पंचेचाळिसात छाती कोरी. सेहेचाळिसात कोरी. सत्तेचाळिसात मूठ, डावी. मी भराभर शेवटाकडे गेलो. गोष्ट संपली आणि लगेच अठ्ठेचाळिसावा अंक सुरू झाला.

"सुकऱ्या, पत्रांचं पान?"

"ते फाडायचो."

"फाडायचास?"

"पाच अंकांची बांधणी करायची. पत्रं, जाहिराती ठेवल्या तर दाभण नाय जायचा. आणि पत्रं कोण वाचतो? ज्याचं नाव छापलं तोच."

"मग फाडलेली पानं कुठं टाकली?"

"टाकली कशाला?" बुधीबाई म्हणाली. "कुडाला चिकटवली. थंडीत वारा यायचा भोकांतून. चांगला कागद होता."

"कुड कुठाय?"

तिनं समोरच्या विटांच्या घराकडे बोट केलं. "घरकुल झाला ना. जुना घर पाडला. कुडाची माती त्या वालाच्या वाफ्यात टाकली. लय वाल आला त्या साली."

मी त्या वाफ्याकडे बघत राहिलो. थापा मारायला माणसाला जागा लागते. तिथं कुठं जागाच नव्हती. नविनचं नाव कुडाला चिकटलं, मातीत गेलं, वालाच्या शेंगा झालं आणि तलासरीच्या बाजारात विकलं गेलं.

"ने ती बांधणी," सुकऱ्या म्हणाला. "परत नको देऊ. लायब्ररी बंद केली मी."

वरोरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. नविन ओसरीवर कामाला बसला होता. बाजूला शितल भाजी निवडत होती. मी बांधणी त्याच्यासमोर ठेवली. त्यानं ती ओळखली, पण उघडली नाही.

"शिंगाळ्यानं परत केली?" शितलनं विचारलं.

"शिंगाळा नव्हता," मी म्हणालो.

मी सगळं सांगितलं. आठ अंक, दाभण, कुड, वाल. एकही शब्द वाढवला नाही. सवय नसल्यामुळे गोष्ट फार लवकर संपली. शेवटी मी म्हणालो, "शितल, मी त्या पानावर ह्याचं नाव वाचलंय. ह्या डोळ्यांनी. नविन, वरोर, तालुका डहाणू. मी साक्षीदार आहे."

स्वतःच्याच कानांना मी खोटा वाटलो. जगात एकच साक्षीदार उरला होता आणि तो मी होतो.

नविन बराच वेळ हातातल्या ठोकळ्यावर अंगठा फिरवत बसला.

"तीन ओहोट्या मी वाढवणच्या खडकांत शोधत होतो, दादा," तो म्हणाला. "मासा कागद गिळत नाय, थुंकेल, असं वाटलं मला."

"माझं चुकलं रे."

"पाय कापला होता तेव्हा कालवांनी. आईला सांगितलं, पडलो." तो थांबला. "ती एकच थाप मारली मी."

मला वाटलं, आता हा मला ओट्यावरून उठवेल. मी उठायलाही लागलो.

"बस," तो म्हणाला. "नाव गेलं तर गेलं. मूठ राहू दे आता. तेवढी राहिली पायजे."

शितल माझ्याकडे बघत होती. "काका, तुम्ही आजपर्यंत एक तरी थाप मागे घेतली होती?"

"नाय."

"कोंबड्याची?"

"ती खरी आहे."

ती हसली नाही. तिनं निवडलेली भाजी उचलली आणि आत गेली.

त्यानंतरचं दीड वर्ष कसं गेलं विचारू नका. सिनेमाची तारीख २०१८ च्या दिवाळीची ठरली, मग पुढं गेली, मग डिसेंबरात पक्की झाली. नवी झलक आली. त्यात पोलादनाथानं पूर्ण वेळ घोंगडी पांघरली होती. पोस्टर आलं, त्यात तो पाठमोरा होता. "मुद्दाम करतायत," नविन म्हणायचा. "कुणाच्या तरी हातात असेल आत्ता ते. कायतरी ठरवत असतील बसून." जेवताना त्याची डावी मूठ ताटाजवळ आपोआप वळायची. पुष्पावहिनी ती सरळ करायची आणि भाकरी ठेवायची.

शितलनं तीन तिकिटं काढली. तलासरीच्या पुढं हद्द ओलांडून वापीला, पहिल्या दिवशीचा सकाळचा पहिला खेळ. पुष्पावहिनी म्हणाली, "मला नको, मी इथंच बरी. निकाल काय तो फोनवर सांगा." टेम्पोत पुढं आम्ही तिघं दाटीनं बसलो. नविननं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, मुलगी बघायला निघाल्यासारखा. उधवा येईपर्यंत त्यानं चार वेळा विचारलं, "पोचू ना?" तलासरी नाक्यावर ट्रकांची रांग लागली तेव्हा तो खाली उतरून पुढं चालायला लागला. शितलनं हाका मारून परत आणला.

थेटरात नुसता गलका. विशी-पंचविशीची पोरं, अंगात काळे बनियन, छातीवर डावी मूठ छापलेली. कोणी घरी रंगवलेली, कोणी विकत घेतलेली. नविन दारातच थांबला. शंभरभर छात्या आणि प्रत्येकीवर त्यानं चौदाव्या वर्षी केलेली चूक. एका दाढीवाल्यानं त्याला धक्का मारला, "अंकल, साइड." नविन बाजूला झाला आणि त्याच्या छातीकडे बघत राहिला.

"सांगू का त्याला?" मी विचारलं.

"नको दादा. तू तर नकोच."

सिनेमा सुरू झाला. पोलादनाथ भट्टीत पडायला पाऊण तास लागला. मध्यंतरापर्यंत तो घोंगडीतच. नविन खुर्चीच्या कडेवर बसला होता, मागचा पोरगा ओरडत होता, "काका, डोकं!" मध्यंतरात तो उठला नाही. शितलनं आणलेल्या मक्याच्या लाह्यांचा डबा त्याच्या मांडीवर तसाच राहिला. त्या डब्याबरोबर पत्र्याचा एक गोल बिल्ला फुकट होता, प्लास्टिकच्या पिशवीत बंद. तिनं न बघता तो पर्समध्ये टाकला.

मग शेवटी शेवटी, शत्रू समोर आला, वारा सुटला, घोंगडी उडाली. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. आम्हाला काही दिसेना. नविनही उभा राहिला, चवड्यांवर. शितल उभी राहिली. मी तिच्या खांद्याला धरून उभा राहिलो.

छाती पडदाभर होती. तिच्यावर मूठ होती. तापलेल्या लोखंडाची, लालभडक, नखं दिसतील इतकी बारीक केलेली.

उजवी.

अर्धं थेटर शिट्ट्या मारत होतं, अर्धं ओरडत होतं. "उजवी केली! अरे उजवी केली!" त्या दाढीवाल्यानं डोक्याला हात लावला. माझ्या तोंडात काहीतरी येत होतं. नविनला सांगावं की प्रोजेक्टर उलटा लागलाय, गुजरातेत असंच दाखवतात. आयुष्यभर जी वस्तू मला फुकट मिळाली ती त्या क्षणी तोंडातून निघेना.

शितल वळली. बापाच्या कानाशी तोंड नेऊन, गलक्यावरून ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, ही तुमची नाय."

नविननं तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "नाय."

बाहेर आलो तेव्हा ऊन लख्ख होतं. पोरं घोळक्यांनी भांडत होती. आम्ही पायऱ्यांवर बसलो.

"काम चांगलं आहे पण," नविन म्हणाला. "अंगठ्याची घडी बघितली? माझी अशी नव्हती. माझा अंगठा केळ्यासारखा होता."

"चौदा वर्षांचे होता तुम्ही," शितल म्हणाली.

"तरी."

तिनं पर्समधून रुमाल काढला, त्याबरोबर बिल्ल्याची पिशवी बाहेर आली. तिनं ती फोडली आणि बिल्ला बापाच्या हातात ठेवला. ठोकून काढलेला पातळ पत्रा, वर उठावाची उजवी मूठ. नविननं पुढची बाजू पाहिलीसुद्धा नाही. आमच्याकडचा कोणताही कारागीर जे करेल तेच त्यानं केलं. बिल्ला पालथा केला.

मागच्या बाजूला तीच मूठ खोलगट उतरली होती. डावी.

खिशातून भिंग काढून त्यानं ते डोळ्याला लावलं.

"पंच नीट बसला नाय. इथं कडेला पत्रा फाटलाय," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "शितल, ह्याची डाय कुणीतरी कापली असेल ना?"

"मशीननं कापली असेल, बाबा."

"नाय. ही नखं बघ. छिन्नी थांबलीय प्रत्येक नखाशी." त्यानं भिंग तिला दिलं. ती वाकून बघत राहिली. "उजवी उठवायची म्हणजे त्यानं पोलादात डावीच कापली. कुठंतरी एक माणूस बसून डावी मूठ कापत होता."

"हो," ती म्हणाली.

नविननं बिल्ला परत घेतला, उन्हाकडे तिरपा धरला आणि त्याच्या मागच्या कडेवर, खोलगट भागात, टाचणीच्या भोकाशेजारी, कुठं नाव आहे का ते शोधू लागला.